‘तुम्ही मूळचे कुठले?’

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही पंडित नव्हे. जुनी अकरावी, म्हणजे त्या वेळची मॅट्रिक, उत्तीर्ण झालो आणि पुढे छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांस अंकलिपी, व्याकरण व भूगोल शिकविला, एवढीच आमची पुंजी. तथापि एक गोष्ट आम्हांस याच व्यासपीठावरून बोलावयाची होती. आज सायंकाळी मंडळापुढे जो ठराव मतास टाकला जाणार आहे, त्याचा मसुदा आमच्या हातचा आहे. आणि आज आम्ही त्याच ठरावाविरुद्ध बोलण्यास उभे आहोत.

आपली नवी ज्ञातिसूची तयार होत आहे, हे आपणांस विदितच आहे. ज्या कुटुंबांनी परदेशाचे नागरिकत्व स्वीकारले त्यांची नावे मुख्य सूचीत न घेता शेवटी निराळ्या परिशिष्टात द्यावीत, आणि त्यांस मंडळाचे साधारण सभासदत्व असू नये, असा तो ठराव आहे. ‘ज्यांनी मातृभूमीशी नाते तोडले त्यांनी ज्ञातीशी नाते सांगू नये’ हे त्यातील वाक्य पुष्कळांस आवडले, असे आम्हांस कळले. ते वाक्य आमचे. ते कोणत्या मनःस्थितीत लिहिले गेले, हे आता सांगितले पाहिजे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेस गेले त्यास आता वीस वर्षे होत आली. २०१८ साली त्यांनी तेथील नागरिकत्वाची शपथ घेतली. त्या शपथेत पूर्वीच्या देशाविषयीची निष्ठा सोडल्याचे स्पष्ट शब्दांत म्हणावे लागते. ज्या शाळेत आम्ही छत्तीस वर्षे दर पंधरा ऑगस्टला झेंडावंदन केले, त्याच शाळेत शिकलेल्या आमच्या मुलाने ते शब्द उच्चारले, हे ऐकून आम्हांस धक्का बसला. सात महिने आम्ही त्याच्याशी बोललो नाही. आमचे कुटुंब दूरध्वनीवर बोलू लागले की आम्ही उठून ओटीवर जाऊन बसत असू. पुढे बोलणे सुरू झाले, परंतु सल राहिला, आणि गतवर्षी ठराव लिहिताना तो लेखणीत उतरला. भाषेने तो मसुदा निर्दोष होता, मनाने नव्हता.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमची नात आली होती. वय पंधरा, जन्म अमेरिकेतला. मराठी बोलते, वाचताना अडखळते. आम्ही आपल्या तालुक्याचे सूचीचे अर्ज भरून घेत होतो. कुतूहल म्हणून तिनेही एक अर्ज पुढे ओढला. नाव, गोत्र, कुलदेवता हे रकाने तिने आजीस विचारून भरले. ‘राष्ट्रीयत्व’ या रकान्यात तिने निःसंकोचपणे ‘अमेरिकन’ असे लिहिले. आमच्या कपाळावर आठी पडली असावी. परंतु ‘मूळ गाव’ या रकान्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, “आबा, मूळ म्हणजे किती मागे जायचं?”

भूगोल शिकविणाऱ्या माणसास या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

ती पुढे म्हणाली, “तिकडे मला विचारतात, तू कुठली? मी आमच्या गावाचं नाव सांगते. मग म्हणतात, तसं नाही, खरी कुठली? इथे आले की सगळे म्हणतात, अमेरिकेची पाहुणी आली. मग मी कुठली म्हणून सांगू?” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. वर्गातील हुशार मुलगी शंका विचारते, तसे तिने विचारले. पण त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

बंधुभगिनींनो, मूळ म्हणजे किती मागे जावयाचे? आमचेच उदाहरण घ्या. आमचा जन्म वेंगुर्ल्याचा, आजोबांचाही तेथलाच. परंतु आमच्या आडनावात ज्या गावाचे नाव आहे, ते गोव्याच्या साष्टी महालात आहे. सहा पिढ्यांत आमच्या घराण्यातील कोणी तेथे राहिलेला नाही. आपल्यापैकी बहुतेकांची हीच गोष्ट आहे. सोळाव्या शतकात साष्टीत पोर्तुगीज सत्ता दृढ झाली, देवळे पाडली जाऊ लागली, आणि आपले पूर्वज नदीपलीकडे, घाटावर, दक्षिणेस मंगळूर व कोचीपर्यंत पांगले. श्रीमंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजची कुठ्ठाळी. १५६० साली भक्तांनी ते लिंग जुवारी नदी ओलांडून अंत्रुज महालात प्रियोळ येथे नेले, कारण तो मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास, श्रीरामनाथ लोटलीहून बांदिवड्यास. आपली कुलदैवतेच स्थलांतरित आहेत! श्रीमंगेशाच्या दर्शनास जाताना ‘देव मूळचे कुठले?’ असे आपण विचारतो काय? विचारले, तर प्रियोळ हे उत्तर खरे आणि कुशस्थळी हेही उत्तर खरे.

नात परत गेल्यावर आम्ही आयुष्यात प्रथमच आमच्या आडनावाचे ते गाव पाहावयास गेलो. जुन्या देवळाची जागा विचारीत एका घराच्या बलकांवापाशी पोहोचलो. ऐंशीच्या घरातील एक ख्रिस्ती गृहस्थ तेथे बसले होते. त्यांनी विचारले, “तुमी खंयचे?” आम्ही भीत भीत म्हटले, “आमी हांगाचेच.” ते हसले, आत बोलावून त्यांनी पाणी दिले, आणि मग आपली हकीकत सांगितली. त्यांचा स्वतःचा जन्म पोर्तुगीज अमलातला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ते भारतीय झाले. त्या तारखेपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांस व त्यांच्या संततीस पोर्तुगालच्या कायद्याने पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते. तशी नोंद करून त्यांचे दोघे मुलगे इंग्लंडात स्विंडन येथे गेले. गोवेकरांची तेथे मोठी वस्ती आहे. नातवंडे इंग्रजी बोलतात. “बापूय भारतीय, पूत पोर्तुगीज, नातू इंग्रज,” असे म्हणून त्यांनी भिंतीवरील छायाचित्राकडे बोट दाखविले, “पूण घर एकूच.” निघताना त्यांनी आपल्या घराण्याचे बाटण्यापूर्वीचे आडनावही सांगितले. ते आपल्यातलेच होते. चारशे वर्षांपूर्वी एक भाऊ गाव सोडून गेला आणि देव राखला. दुसऱ्याने देव सोडला आणि गाव राखले. दोघांपैकी ‘मूळचा’ कोण, याचा निवाडा करण्याचे धाडस आम्हांस झाले नाही.

तेव्हापासून, देश सोडून गेलेली माणसे स्वतःस काय म्हणवितात आणि लोक त्यांस काय म्हणतात, याविषयी मिळेल ते आम्ही वाचीत आलो. त्यातील थोडे आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम मॉरिशस बेट घ्या. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून त्या बेटावर उतरली. त्यांत आपल्या रत्नागिरीकडील मराठी मजूरही होते. ते मुंबई बंदरातून गेले. गोऱ्या कारकुनाने प्रत्येकास क्रमांक दिला आणि वहीत नाव, बापाचे नाव, वय, जात व गाव अशी नोंद केली. त्या वह्या तेथील महात्मा गांधी संस्थेत आजही जपून ठेवल्या आहेत, आणि आज्या-पणज्याचे गाव शोधण्यासाठी माणसे तेथे येतात. त्या मजुरांचे वंशज आज मॉरिशसचे नागरिक आहेत. घरात बहुतेकांची बोली क्रिओल. १९६८ साली तो देश स्वतंत्र झाला, तेव्हा त्यांचा झेंडा तो झाला. तरी गणेशचतुर्थीस तेथे सार्वजनिक सुटी असते, आणि मराठी मुलांस शाळेत मराठी शिकण्याची सोय आहे. आणखी एक गोष्ट आम्हांस फार शहाणपणाची वाटली. १९७२ नंतर तेथील खानेसुमारीत ‘तुम्ही कोणत्या जमातीचे?’ हा प्रश्न विचारणे बंद झाले. परंतु २००० आणि २०११ च्या खानेसुमारीत घरी कोणती भाषा बोलता, हा एक प्रश्न होता; आणि तुमच्या पूर्वजांची भाषा कोणती, हा दुसरा. पहिल्यापुढे क्रिओल आणि दुसऱ्यापुढे मराठी असे लिहिणारा मनुष्य खोटे बोलत नाही, आणि देशद्रोहही करीत नाही. प्रश्नच दोन आहेत, म्हणून उत्तरेही दोन.

याउलट अमेरिकेकडे पाहा. तेथे आपल्या लोकांस काय म्हणावे, हे सरकारासच शंभर वर्षे सुधरले नाही. ‘इंडियन’ हे नाव कोलंबसाच्या चुकीमुळे १४९२ पासूनच तेथील मूळ रहिवाशांच्या वाट्यास गेले होते. मग १९२०, १९३० आणि १९४० च्या शिरगणतीत ‘हिंदू’ हा एक मानववंश धरला गेला! भगतसिंग थिंद हे शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांस ‘हिंदू’ ठरवून, ते गोरे नव्हेत म्हणून नागरिकत्वास अपात्र केले. १९४६ च्या कायद्याने ती बंदी उठली. १९७० च्या शिरगणतीत आपले लोक गोऱ्यांत मोजले गेले, आणि १९८० पासून त्यांच्यासाठी ‘एशियन इंडियन’ असा रकाना आला. माणूस तोच, त्याचे आईबाप तेच. दर काही वर्षांनी वहीतील शब्द मात्र बदलला. दुसऱ्याने दिलेले नाव किती भरवशाचे असते, ते यावरून दिसते.

तिसरे उदाहरण आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यातले. बेने इस्राएल ही आपल्या कोकणातील मराठी बोलणारी ज्यू मंडळी. पेणकर, दिवेकर, किहिमकर, नवगावकर ही त्यांची आडनावे आपल्या आडनावांची भावंडेच. तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि पुढील वीस वर्षांत त्यांतील बहुसंख्य तेथे गेले. आपण पूर्वजांच्या भूमीत परत आलो, ही त्यांची भावना. परंतु तेथे लोक त्यांस ‘होदिम’, म्हणजे हिंदी, म्हणू लागले. एवढेच नव्हे, तर १९६२ साली तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहसंबंधांत मागील पिढ्यांच्या चौकशीची अट घातली. ज्या धर्मासाठी त्यांनी शतकानुशतके शनिवार पाळला, त्या धर्माचे आपण आहोत की नाही, हे त्यांस सिद्ध करावयास सांगितले! त्यांनी शांततेने धरणे धरले, आणि १९६४ साली तेथील संसदेने, ते सर्वार्थाने ज्यू आहेत, असे जाहीर केले. तेथे गेल्यावरही त्यांनी मराठी सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी इस्राएलमध्ये चालविले.

ही हकीकत वाचताना आम्ही पुस्तक मिटले. आमचा ठराव आणि त्या धर्मपीठाची अट यांत फरक तो कोणता? घरी परतू पाहणाऱ्यास दारात उभे करून ‘तू आमचा कशावरून?’ असे विचारणे, हाच दोहोंचा आशय नव्हे काय?

आता आपल्या कायद्याकडे वळू. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे आपोआप संपते. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानीत नाही, आणि आमच्या मते ते योग्यच आहे. मत द्यावयाचे, सैन्यात जावयाचे, राज्य करावयाचे, ते एकाच देशाचे असावे. परंतु आपल्या सरकारनेही दार पुरते लावले नाही. जानेवारी २००६ पासून अशा लोकांस ‘ओसीआय’ हे कार्ड मिळू लागले. त्यावर आयुष्यभर केव्हाही येता येते; मात्र मत देता येत नाही, घटनात्मक पद घेता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वाडवडिलांची बाग वारशाने आली तर ती राहते. म्हणजे सरकारने नागरिकत्व आणि नाते यांची फोड केली आहे. जे दिल्लीस उमगले, ते आपल्या मंडळास उमगू नये?

आणि आपल्या मनाचा खोटेपणाही पाहा. २०१७ साली लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले. जन्म डब्लिनचा, आई आयरिश, वडील मात्र मालवण तालुक्यातील वराडच्या घराण्यातले. सारा सिंधुदुर्ग ‘आपला माणूस’ म्हणून आनंदला. २०१९ च्या डिसेंबरात ते वराडला आले, तेव्हा आम्हीही वर्तमानपत्रातील छायाचित्र कापून ठेवले. त्या परदेशी नागरिकास ‘आपला’ म्हणताना आमची जीभ अडखळली नाही. पोटच्या मुलास म्हणताना अडखळली! मोठेपणी पोहोचलेला तेवढा आपला आणि नोकरी करून संसार चालविणारा परका, हा कोठला न्याय?

कोणी म्हणतील, मास्तर आता नातीच्या मायेने पाघळले. असेलही. परंतु विचाराने जे हाती आले ते असे. देशाचे नागरिकत्व, पूर्वजांचा वारसा आणि मनुष्याची स्वतःची ओळख या तीन निराळ्या वस्तू आहेत. नागरिकत्व कायद्याने मिळते आणि कायद्याने जाते. त्यात कर्तव्य असते, आणि ते चोख बजावले पाहिजे. वारसा मागता येत नाही आणि टाकताही येत नाही. तो ठेवीसारखा असतो, जपला तर राहतो. आणि ओळख? ती ज्याची त्याने सांगावयाची. शेजाऱ्याने, कारकुनाने किंवा ज्ञातिमंडळाने नव्हे. आमच्या नातीने ‘अमेरिकन’ असे लिहिले ते खरे. ज्या देशाने तिला जन्मापासून शाळा दिली, त्यास ती आपला म्हणते, यात आमच्याच शिकवणीचा विजय आहे. जेथे राहाल तेथे प्रामाणिक राहा, असे आम्ही वर्गात सांगत आलो ना?

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. वारसा सांगताना आपण मुलांच्या हाती काय देतो? भाषा, सण, नात्यांची ओढ, कुलदैवताची आठवण, हे जरूर द्यावे. परंतु ‘आपण वरचे आणि ते खालचे’ हे गाठोडे विमानात चढता कामा नये. ते चढले आहे. म्हणून तर २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सिएटल शहरास जातीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा नियम करावा लागला. ज्ञातीच्या मेळाव्यात हे बोलणे काहींस रुचणार नाही. परंतु ‘तू खरी कुठली?’ या प्रश्नाने आपल्या नातीचे मन दुखते, हे ज्यास कळले, त्याने दुसऱ्याच्या नातीस जात विचारून दुखवू नये. आपली ज्ञाती एकमेकांस आधार देण्यासाठी आहे, कोणास खाली लेखण्यासाठी नव्हे.

म्हणून आमची मंडळास हात जोडून विनंती आहे. आमचा ठराव आम्ही मागे घेतो. परिशिष्ट नको, सर्व कुटुंबे एकाच सूचीत, वर्णानुक्रमाने यावीत. ‘राष्ट्रीयत्व’ हा रकाना काढून तेथे ‘हल्लीचे नागरिकत्व’ असे लिहावे. ‘मूळ गाव’ या रकान्यात एकाऐवजी तीन-चार ओळींची जागा ठेवावी, म्हणजे साष्टीचे गाव, वेंगुर्ले आणि अमेरिकेतील गाव ही तिन्ही त्यात मावतील. आणि शेवटी एक रकाना मोकळा ठेवून ‘आपण स्वतःस काय म्हणविता?’ एवढेच विचारावे. मनास येईल ते लिहावे. न लिहिले तरी चालेल. सभासदत्व मात्र कोणाचेही त्यावर अवलंबून नसावे.

नातीचा तो अर्ज आमच्यापाशी आहे. ‘मूळ गाव’ हा रकाना अजून कोराच आहे. चिरंजिवांस आम्ही परवा पत्र पाठविले. सात महिन्यांच्या अबोल्याबद्दल क्षमा मागितली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांच्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त करणाऱ्यास स्वतःची चूक लिहिताना फार वेळ लागला. पुढच्या सुटीत ती दोघे येतील तेव्हा त्यांस प्रियोळास नेऊ, आणि तेथून नदीपलीकडे साष्टीतील त्या ख्रिस्ती गृहस्थांच्या घरीही नेऊ. मग नातीने तो रकाना आपल्या हाताने भरावा.

 सायंकाळी ठरावाचा विचार करताना आपापल्या घरातील दूरच्या मुलाची आठवण ठेवावी, एवढेच मागणे मागून आपली रजा घेतो.